टक्केताईंची फाईल

टक्केताईंना चहा कसा झालाय असं विचारलं, तर त्या कपात डोकावून सांगायच्या, "काळा जरा जास्त पडलाय. दहा टक्के उतरवा." आभाळ भरून आलं की म्हणायच्या, "साठ टक्केच आहे, घरी पोचाल." आमचा मशिनमन रफिकभाई एकदा गळून गेल्यासारखा कामावर आला, तेव्हा त्याच्या डोळ्यांकडे बघून म्हणाल्या, "रफिकभाई, तुमच्यात पिवळा वाढलाय. दवाखान्यात जा." दुसऱ्या दिवशी त्याला कावीळ निघाली. तेव्हापासून बाईंचं खरं नाव मागे पडलं आणि दिल्ली गेटच्या आतल्या आमच्या गल्लीसाठी त्या टक्केताई झाल्या. त्यांचं खरं नाव माझ्या प्रेसमध्ये एकाच कागदावर छापलं गेलं, 'संपर्क' या शब्दापुढे. तो कागद आठवला की माझा उरलेला दिवस कामाचा राहत नाही, म्हणून मीही टक्केताईच म्हणतो.

माझा प्रेस म्हणजे एक खोली, एक छोटं ऑफसेट मशीन आणि माळ्यावर काँप्युटर. वडिलांच्या वेळी तिथे शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे. नव्वदीत खिळे मोडीत गेले, काँप्युटर आला, आणि मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. ताई पुण्यात दोन वर्षं छपाईच्या फिल्म काढणाऱ्या एका प्रोसेसवाल्याकडे काम करून नगरला परतल्या होत्या. लग्नपत्रिका रंगवणारे तोवर शहरात पायलीला पन्नास झाले होते. पण रंगवलेली फाईल छापण्याजोगी करणं हे काम निराळं, आणि ते नगरात ताईंइतकं कुणालाच येत नव्हतं. लोक फ्लॉप्या घेऊन त्यांच्याकडे यायचे आणि त्या डॉक्टरने जीभ बघावी तशी फाईल उघडून बघायच्या.

बघायच्या म्हणजे काय, तर आधी कडेला कापायला जागा सोडली आहे का. मग अक्षरं. मराठी अक्षरांचं तेव्हा मोठं दुखणं होतं. इथे 'चि. सौ. कां.' दिसायचं आणि पुण्याच्या काँप्युटरवर तेच नुसत्या कंस-चौकटी होऊन बसायचं, कारण तिथे तो फाँट नसायचा. म्हणून ताई एकूण एक अक्षराची आकृती करून टाकायच्या, मग ते कुठेही गेलं तरी बदलत नसे. फ्लॉप्या न्यायच्या त्या तीन-तीन. "फ्लॉपी आणि पाहुणा, एस.टी.त कधी बिघडेल सांगता येत नाही," असं त्यांचं म्हणणं होतं. फोटोचं किंवा रंगीत काम असलं की पुण्याला जावंच लागे. तिथे फाईलवरून फिल्म निघायची, त्या फिल्मवरून इथे प्लेट व्हायची, आणि प्लेटवरून छपाई. एका फोटोपायी एक अख्खा दिवस जायचा. हे ध्यानात ठेवा, कारण पुढे सगळं त्या एका दिवसावर येऊन ठेपलं.

"आधी कागद दाखवा," हे त्यांचं पहिलं वाक्य. गिऱ्हाईक मजकूर सांगायला लागलं तरी त्या ऐकायच्या नाहीत. कागदाचा तुकडा अंगठा आणि बोटात धरून चोळायच्या, कोपरा जिभेच्या टोकाला लावायच्या. "कागद पितो, दादा," त्या मला सांगायच्या. "आर्टपेपर नखरे करतो, पण पीत नाही. न्यूजप्रिंट मात्र पट्टीचा पिणारा." फोटो म्हणजे शेवटी शाईचे बारीक ठिपके. पातळ, रवाळ कागदावर ते ठिपके पसरतात, एकमेकांना चिकटतात, आणि फोटो स्क्रीनवर दिसतो त्याच्यापेक्षा काळा छापला जातो. म्हणून कागद बघून फोटो आधीच फिका करायचा. कुठे आठ टक्के, कुठे पंधरा, न्यूजप्रिंटवर त्याहून जास्त. तो आकडा ताईंच्या बोटांत होता.

स्क्रीनवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. "ती मागून दिवा लावते. दिवा लावून कुणीही चांगलं दिसतं," असं म्हणायच्या. आपण "वा, काय दिसतंय" म्हटलं की चिडायच्या. "दिसतंय ते सोडा. आकडा बघा."

एकदा एका गृहस्थाच्या श्रद्धांजलीचं पत्रक आलं. ताईंनी फोटो चांगला फिका केला. त्या गृहस्थाचा मुलगा मागे उभा राहून बघत होता. तो म्हणाला, "ताई, आमचे तात्या एवढे गोरे नव्हते हो." रडकुंडीला आला होता बिचारा. ताईंनी त्याला स्टूल दिलं, पाणी दिलं, आणि म्हणाल्या, "आत्ता नाहीत. कागदावर उतरले की होतील तुमचे तात्या." पत्रक छापून हातात पडल्यावर त्याने ते कपाळाला लावलं. आमच्या गल्लीत ताईंचं नाव झालं ते असं. गिऱ्हाईक आपल्या माणसाचा फोटो त्यांच्या हवाली करायचं आणि निर्धास्त व्हायचं.

त्यांचा एक कायदाही होता. फाईल झाली की तिला कुणी हात लावायचा नाही, मालकानेसुद्धा. याला कारण मीच. एका शाळेच्या वार्षिकाचं मुखपृष्ठ त्यांनी करून ठेवलं होतं, आणि त्या जेवायला गेल्या असताना मला ते नाव जरा खाली वाटलं. मी शहाण्यासारखा काँप्युटरचा उंदीर धरून ते वर ओढलं. छपाई झाली, कटाई झाली, आणि शाळेच्या नावाचं डोकं पात्याखाली उडालं. ताईंनी पुठ्ठ्यावर 'फाईल झाली आहे' असं लिहून काँप्युटरवर टेकवून ठेवलं. तेव्हापासून त्यांच्या कामात मी तोंड घालत नसे. ही माझी सवय मला शिस्त वाटायची. पुढे कळलं की ती निव्वळ सोय होती.

ताई राहायच्या नागापूरला, एम.आय.डी.सी.च्या अलीकडच्या वस्तीत, आई आणि अण्णांबरोबर. अण्णा म्हणजे त्यांचे वडील. तीस वर्षं एका कारखान्यात लेथवर काम केलेला माणूस, काळाभोर, उंच, डाव्या भुवईवर पत्र्याच्या कापाची खूण. त्यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते विहाराच्या कार्यक्रमाचं पत्रक न्यायला आले होते तेव्हा. पत्रक उलटसुलट करून बघितलं आणि मला म्हणाले, "आमच्या पोरीनं केलंय म्हंजे बरुबरच असंल. पर बघायला काय पैसं पडत न्हाईत."

अण्णांच्या फोटोची एक गोष्ट ताई हसून हसून सांगायच्या. निवृत्तीच्या वेळी एका स्टुडिओवाल्याने त्यांचा फोटो काढून भिंतीसाठी फ्रेम करून दिला आणि आपली हौस म्हणून चेहरा ब्रशने उजळून टाकला. अण्णा फ्रेमसमोर बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "ह्यो मी न्हाई. ह्यो कुनी सायेब हाय. ह्याला त्येच्या घरी पाठवा." फ्रेम परत गेली. जन्मभर त्या माणसाने रंगावरून आणि रंगाच्या आडून जातीवरून ऐकून घेतलं होतं. म्हातारपणी भिंतीवर दुसऱ्याच कुणाचं तोंड लावून घ्यायची त्यांची तयारी नव्हती. ताईंना त्याचा अभिमान होता, आणि मी ही गोष्ट ऐकून हसत असे.

निवृत्तीनंतर तीन-चार वर्षांनी अण्णांना विसर पडू लागला. आधी किल्ली, मग वार, मग माणसं. शेवटी शेवटी स्वतःचं नावही विचारलं की ते खाली बघायचे. एक गोष्ट मात्र घट्ट राहिली होती. सकाळ झाली की खाकी शर्ट घालायचा, डबा घ्यायचा, तो भरलेला असो नाहीतर रिकामा, आणि कंपनीच्या गाडीसाठी मनमाड रस्त्यावर जाऊन उभं राहायचं. आई थोड्या वेळाने जाऊन त्यांना हाताला धरून आणायच्या. "आज गाडी न्हाई, सुट्टी हाय," म्हणायच्या. अण्णा मुकाट्याने परत यायचे. असं वर्षभर चाललं.

एका सोमवारी आईंना जायला उशीर झाला. कोपऱ्यावरच्या पानवाल्याने सांगितलं, अण्णा आत्ताच मनमाडकडच्या एस.टी.त चढले. पुढे राहुरी, कोल्हार, कोपरगाव, मनमाड. कुठेही उतरू शकत होते. खिशात चिठ्ठी नाही, तोंडात नाव नाही. कुणी विचारलं असतं तर ते खाली बघत उभे राहिले असते. त्यांना घरी आणू शकेल असं त्यांच्याजवळ एकच होतं, ते म्हणजे त्यांचं तोंड.

दोन दिवस ताई आणि वस्तीतली माणसं स्टँड, दवाखाने, पोलीस ठाणी फिरली. बुधवारी सकाळी त्या प्रेसमध्ये आल्या. केस विंचरलेले नव्हते. पिशवीतून एक फोटो काढला, अण्णा घराच्या दारात खाकी शर्टात उभे. "हाफ डेमी साईजचं पोस्टर करते, दादा. पूर्ण रस्त्याला लावायचं. फोन तुमचा टाकू का? आमच्याकडे नाही." मी म्हटलं, "विचारताय काय." मग त्यांनी फोटो स्कॅन केला आणि मी मागे उभा राहिलो.

स्क्रीनवर अण्णा आले. अगदी तेच. दाढीचे पांढरे खुंट, भुवईवरची खूण, गळ्याच्या शिरा. ताईंचा हात थांबला. मी त्यांना इतकी वर्षं पाहत होतो, पण स्क्रीनकडे अशा बघताना कधी पाहिलं नव्हतं. त्या आकड्यांकडे बघतच नव्हत्या. आणि पहिल्यांदाच त्यांनी मला कागद दाखवा म्हटलं नव्हतं. भिंतीवर खळीने चिकटवायचं म्हणजे न्यूजप्रिंटच असणार, हे त्यांना न सांगता ठाऊक होतं.

मी चाचरत म्हटलं, "ताई, थोडं उतरवायचं ना?"

"उतरवून?" त्या वळल्या नाहीत. "अण्णा काळेच आहेत, दादा. त्यांना गोरं करून मी लोकांना कुणाला शोधायला लावू?"

तात्यांचा मुलगा मला त्याच क्षणी आठवला. हेच त्याचं वाक्य होतं आणि त्यावरचं उत्तर ताईंनीच दिलं होतं. ते उत्तर मला पाठ होतं. ते मी त्यांना परत द्यायला हवं होतं. पण बाप हरवलेल्या पोरीला तिचीच विद्या शिकवायला माझी जीभ रेटली नाही. त्यांनी फाईल बंद केली, पुठ्ठा काँप्युटरला टेकवला, आणि गुरुवारी पहिल्या एस.टी.ने पुण्याला गेल्या. संध्याकाळी फिल्म घेऊन परत आल्या.

शुक्रवारी सकाळी प्लेट मशीनवर चढली. बाहेर ओट्यावर वस्तीतली सहा माणसं खळीचे डबे घेऊन बसली होती. गठ्ठे घेऊन ती मनमाड रस्त्याच्या गाड्या धरणार होती. रफिकभाईने मशीन फिरवलं आणि पहिला छाप उचलला. वर 'हरवले आहेत' ठसठशीत. खाली चेहऱ्याच्या जागी काळोख. नीट बघितलं तर कपाळ आहे, कान आहेत असं वाटावं, एवढंच. भुवईवरची खूण शाईत बुडाली होती.

"दादा, चेहरा भरला हो," रफिकभाई हळूच म्हणाला. आमच्यात ठिपके एकमेकांत मिसळून फोटो गेला की 'भरला' म्हणतात. त्याने शाई कमी करून पाहिली. चेहरा होता तसाच राहिला, उलट खालचा फोन नंबर पुसट झाला. त्याने शाई पूर्ववत केली आणि माझ्याकडे बघितलं. "थांबवू?"

थांबवायचं म्हणजे फाईल परत, पुणं परत, शनिवार-रविवार मध्ये, आणि अण्णा मंगळवारपर्यंत रस्त्यावर. बाहेर सहा माणसं. माळ्यावर ताई आईंना धरून बसलेल्या. आणि वर जाऊन मी सांगणार काय? ताई, तुमच्या वडिलांच्या तोंडाचा डाग झाला?

"ताईंची फाईल आहे," मी म्हटलं. "चालू द्या."

रफिकभाईने मशीन सोडलं. गठ्ठे बांधले. ताई खाली आल्या, वरच्या छापावरून एकदा तळहात फिरवला आणि गठ्ठा स्वतः उचलून बाहेरच्या माणसांकडे दिला. मला वाटलं, त्यांनी बघितलं नाही.

त्यानंतरचे दिवस मी फोनपाशी काढले. फोन वाजला की ताई जिन्याच्या पायरीवर येऊन उभ्या राहायच्या, आणि माझ्या चेहऱ्यावरून कळलं की परत वर जायच्या. कोपरगावहून एक फोन आला. ताई गेल्या. तिथला म्हातारा वेगळाच होता, त्यानेही त्यांना पोरी म्हणून हाक मारली. आई रोज सकाळी प्रेसमध्ये येऊन कोपऱ्यात बसायच्या. मशीन चालू असलं की त्यांना जरा बरं वाटायचं. एकदा मला म्हणाल्या, "तुमच्या मशिनीतनं मानसं घावत्यात का वो?" मी त्यांना घावतात म्हणालो.

पुढच्या बुधवारी राहुरीच्या स्टँडवरून एका भल्या माणसाचा फोन आला. "अहो, ते हरवल्याचं पोस्टर तुमचं ना? फोटो दुसरा पाठवा. इथं लोक थांबून बघतात, पण दिसत काही नाही. नुसतं काळं आहे."

हे ताईंना सांगायला मला जिना चढवेना. मी सांगितलं. त्यांनी शिल्लक गठ्ठ्यातला एक छाप घेतला, हात लांब करून धरला, आणि खूप वेळ तशाच उभ्या राहिल्या. मग काँप्युटर लावला, पुठ्ठा बाजूला ठेवला, फाईल उघडली. डोळे आकड्यांवर. बावीस टक्के उतरवलं. स्क्रीनवर अण्णा फिके, परके दिसायला लागले, भिंतीवरून परत पाठवलेल्या त्या फ्रेममधल्या साहेबासारखे. ताईंनी तोंडाला पदर लावला आणि तशाच एका हाताने फाईल पूर्ण केली. गुरुवारी पुणं, शुक्रवारी छपाई. मशीनमधून पहिला छाप निघाला आणि त्यावर अण्णा होते. खूण दिसत होती. खुंट मोजता आले असते. रफिकभाई खांद्याला डोळे पुसत मशीन चालवत राहिला.

शनिवारी दुपारी कोल्हारहून फोन आला. एक चहावाला, बूथवरून बोलत होता.

"ह्ये नवं पोस्टर लावलंय न्हाई का, त्यातलं म्हातारबाबा. ह्ये तर हितंच हुते वो. माज्या बाकड्यावर दोन दिस बसले हुते."

"कधी?" मी विचारलं.

"झाले की आठ-येक दिस. शनवार-आइतवार. पयला कागद माज्याच भितीला लावल्याला हाय. त्येच्या खालीच बसले हुते. मला काय ठावं, त्यात कोन हाय त्ये कळतच नव्हतं."

"आता कुठे आहेत?"

"सोमवारी सकाळच्याला आलो तर बाकडं रिकामं. पुलाकडं चालत गेले, आसं कुनी म्हनलं."

मी ताईंबरोबर कोल्हारला गेलो. प्रवरेच्या पुलाच्या अलीकडे चहाची टपरी, भिंतीवर दोन कागद शेजारी शेजारी. एकात अण्णा, एकात काळोख. खाली बाकडं. ताई त्या बाकड्यावर बसल्या. चहावाला हात जोडून उभा होता, जणू गुन्हा त्याचाच.

"काय खाल्लं त्यांनी?" ताईंनी विचारलं.

"चा-पाव दिला, ताई. पैसं न्हाई घेतलं."

"डबा होता?"

"व्हता. मांडीवं घेऊन बसायचे. गाडी आली का दर खेपंला इचारायचे, कंपनीची गाडी आली का. मी आपला म्हनायचो, येईल, बसा."

पुढे सगळं केलं. नदीचे दोन्ही काठ, घाट, आसपासची गावं, उसाचे फड. अकोले तालुक्याच्या डोंगरात असा एक म्हातारा दिसला म्हणून जीपने तिकडे गेलो, तो भाताच्या खाचरात राबणारा कुणाचा तरी आजा निघाला. महिने गेले. पोस्टरं उन्हाने पिवळी पडली, त्यांच्यावर सर्कशीची आणि शिकवण्यांची पोस्टरं चढली. अण्णा जिवंतही सापडले नाहीत आणि तसेही सापडले नाहीत. त्यांच्या श्रद्धांजलीचं पत्रक ताईंनी कधी केलं नाही.

ताई कामाला येत राहिल्या. पण चहात आता टक्के नसायचे. कपात जे असेल ते प्यायच्या. फाईल झाली की पुठ्ठा टेकवत नसत, रफिकभाईला वर बोलवायच्या आणि म्हणायच्या, "बघा हो, काही दिसतंय का चुकलेलं." रफिकभाई मान खाली घालून बघायचा. मला कधी बोलावलं नाही. दोष दिला असता तर बरं वाटलं असतं. भांडणाला निदान उत्तर देता येतं.

दीड-एक वर्षाने त्यांना पुण्यात नोकरी लागली. आई जायला तयार झाल्या नाहीत. "म्हातारं आलं आन् दाराला कुलूप दिसलं तर माघारी जाईल," म्हणाल्या. तेव्हा ताईंनी दर रविवारी यायचं ठरवून एकटीनेच जायचं केलं. मी त्यांना सोडायला माळीवाडा स्टँडवर गेलो. गाडीला वेळ होता. आम्ही बाकावर बसलो. बाक बघूनही मला कोल्हार आठवत होतं, त्यांनाही आठवत असणार.

"दादा," त्या एकदम म्हणाल्या, "पहिला छाप तुम्ही बघितला होता ना?"

इतके दिवस मी या प्रश्नाची वाट बघत होतो. उत्तरंही किती तयार केली होती. पुणं, शनिवार-रविवार, सहा माणसं.

"बघितला होता," मी म्हटलं. "रफिकभाई थांबवू का म्हणाला होता. मी नको म्हटलं."

ताईंनी मान हलवली. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. मांडीवरच्या पिशवीचे बंद त्या बोटाला गुंडाळत होत्या आणि सोडत होत्या.

"मीपण बघितला होता," त्या म्हणाल्या. "गठ्ठ्यावरचा. हात फिरवला ना मी."

मी त्यांच्याकडे वळलो.

"मला ओळखू आले हो, दादा. लगेच ओळखू आले. कपाळ, कान, ते मान खाली घालून बघणं. मला वाटलं, सगळ्यांना येतील."

पुण्याची गाडी लागली. त्यांनी पिशवी उचलली, खिडकीपाशी बसल्या आणि गाडी वळेपर्यंत हात हलवत राहिल्या.

त्याला आता बरीच वर्षं झाली. प्रेस बदलला, मशीन बदललं, फिल्म नि प्लेटच्या त्या फेऱ्या संपल्या. फाईल कुणाचीही असो, पहिला छाप निघाला की मी मशीन थांबवायला लावतो आणि ज्याचा आहे त्याला बोलावून दाखवतो. लोक कंटाळतात, कंटाळू देत. त्या पहिल्या गठ्ठ्यातला एक छाप मी कपाटात ठेवलाय. अधूनमधून काढून बघतो. इतक्या वेळा बघितलाय, की आता मलाही त्यात अण्णा दिसतात.